आणखी एक रिमाइंडर

अक्कलकोट रस्त्यावरच्या त्या खासगी विद्यापीठात एकेकाळी ज्याचा आवाज मोठा, त्याचा कॉम्प्युटर आधी दुरुस्त व्हायचा. एखाद्या विभागप्रमुखाचा माउस अडकला की आयटीची अख्खी पलटण तिकडं धावायची, आणि ग्रंथालयातली माणसं बंद मशीनपुढं माशा मारत बसायची. हा तमाशा थांबवला आयेशा मॅडमनी. आयटी विभागाच्या प्रमुख होताच त्यांनी सांगून टाकलं, तोंडी काही चालणार नाही. मागणी पोर्टलवर टाकायची, जुनी आधी, नवी नंतर. कुलगुरूंच्या पीएनं डोळे वटारून पाहिले, गोड बोलून पाहिलं. मॅडम हलल्या नाहीत.

"नियम म्हणजे नियम," त्या म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. व्हावीच की. असा कणा दाखवणारे असतात किती?

एकच कटकट उरली होती. धीर नसलेली माणसं एकाच कामाची मागणी पुन्हा पुन्हा टाकायची, आणि यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढायची. मॅडमनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ईश्वरला बोलावलं. "नंतरचे रिमाइंडर पहिल्या मागणीतच मिसळून टाका. एका कामाची एकच ओळ दिसली पाहिजे." ईश्वरनं तसं केलं. यादी कशी लख्ख झाली. मॅडमनी खूश होऊन सगळ्यांना चहा पाजला.

त्याच सुमारास प्रदीप आला. केम गावचा मुलगा, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला, इतिहास विषय. जन्मापासून दिसत नव्हतं. आजवर त्यानं सांगायचं आणि लेखनिकानं लिहायचं, अशा परीक्षा दिलेल्या. पण या वर्षभरात तो टायपिंग शिकला होता. स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर परीक्षेच्या मशीनवर टाकून मिळालं, तर त्याला लेखनिक नको होता. तसं त्यानं परीक्षा विभागाला लिहूनही दिलं होतं.

"मी सांगायचो येक आन् लिहिनारा लिहायचा दुसरंच," तो हसत म्हणाला. "आता पास होवो न्हाय तर नापास, पेपर माजा मी लिहिनार मॅडम."

आयेशा मॅडमना तो फार आवडला. तिथल्या तिथं एखाद्याला पाठवून काम करून टाकावं, असं मनात आलंही. पण मग पीएला काय तोंड दाखवणार? त्यांनी मन आवरलं. "मागणी टाका. परीक्षेला अजून अवकाश आहे, तोवर नंबर लागेलच. आणि अधूनमधून रिमाइंडर टाकत जा, म्हणजे राहून जाणार नाही."

"व्हय मॅडम," प्रदीप म्हणाला.

शब्दाचा पक्का मुलगा. बोलणारा फोन कानाला लावून, त्याचा आवाज ऐकत ऐकत तो नेमानं रिमाइंडर टाकत राहिला. कधी भेटला तर विचारायचा, "माजं काम कुटवर आलं?" मॅडम म्हणायच्या, "तुमच्या आधीच्या फार थोड्या उरल्या असतील. टाकत राहा."

परीक्षेच्या सकाळी आयेशा मॅडमचा फोन वाजला. परीक्षा हॉलचे पर्यवेक्षक रुद्रप्पा सर बोलत होते. "मॅडम, तो केमचा पोरगा हेडफोन लावून बसलाय. मशीन बोलत न्हाय म्हनतोय."

"शक्यच नाही!" मॅडम म्हणाल्या. "इतकी जुनी मागणी, केव्हाच झाली असणार."

त्यांनी यादी उघडली. वरच्या ओळींत प्रदीपचं नाव नव्हतं. झालेल्या कामांतही नव्हतं. त्या खाली खाली जात राहिल्या. डोळ्यांपुढून वसतिगृहाचा टीव्ही गेला, कुणाचा तरी वॉलपेपर बदलायचा होता तोही गेला. पार तळाशी प्रदीप होता. तारीख कालची.

"ईश्वर, हे काय आहे?"

ईश्वर वाकून बघायला लागला आणि त्याचा चेहरा उतरला. "रिमाइंडर मिसळला की तारीख शेवटच्या रिमाइंडरची लागते, मॅडम. यादी तर तारखेवर चालते. म्हणजे त्यानं आठवण केली, की तो पुन्हा तळाशी."

मॅडमनी ती कालची तारीख पुन्हा वाचली. दर वेळी तो वर येत होता आणि दर वेळी त्याला तळाशी ढकलत होतं कोण? रिमाइंडर टाका म्हणणारं कोण? आपणच! प्रेमानं, हसून, पाठीवर हात ठेवून.

पेन ड्राइव्ह घेऊन त्या परीक्षा हॉलकडं धावत सुटल्या. चप्पल निसटली तरी थांबल्या नाहीत. दारात रुद्रप्पा सर आडवे उभे.

"पेपर उघडला, मॅडम. आता भायेरच्या मानसाचा हात मशीनला लागला, तर त्याची परीक्षाच रद्द."

"मग लेखनिक द्या! कुणीही द्या!"

"फोनवर विचारलं वर. त्यानंच नको म्हनून लिहून दिलंय, आयत्या वेळी मिळत न्हाय म्हनाले." त्यांनी मान खाली घातली. "मलाबी वाईट वाटतंय. पन नियम म्हंजे नियम. तुमीच म्हनता की."

मॅडमना वाटलं, कुणीतरी सणसणीत थोबाडीत मारली. दाराच्या काचेतून त्या बघत राहिल्या. प्रदीप ताठ बसला होता. कानांवर हेडफोन, बोटं कीबोर्डवर टेकलेली. आता बोलेल, मग बोलेल, अशी त्याला आशा असावी. शेवटची घंटा होईपर्यंत तो उठला नाही.

बाहेर आला तेव्हा मॅडमनी कसंबसं त्याला नावानं हाक मारली. आवाज ओळखून तो हसला.

"मॅडम व्हय? मशीन बोललंच न्हाय बगा. कालचा रिमाइंडर पोचला नसंल."

त्यानं चाचपडत पिशवीतून फोन काढला आणि कानाजवळ धरला.

"बाकीचे पेपर हायेत की अजून. आनखी येक टाकू का?"