जिन्यातलं कपाट

कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं आणि नेमका तेव्हाच आईंना दम लागला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वरच्या मजल्यावर, दारातल्या खुर्चीत बसून त्या कपाट जाताना बघत होत्या. माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, ते स्वतःच्या हातानं केलेलं. बाबा सुतार. त्यांचा थोरला मुलगा, आमचे दादा, तेही सुतार. धाकट्याच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, वाट्याला हत्यारं आली नाहीत, नुसता बाबांचा तापट स्वभाव आला. बाबा गेल्यावर कपाट कुणाचं यावरून दोघा भावांनी बोलणं टाकलं. शेवटी आईच म्हणाल्या, "थोरल्या, तू घेऊन जा ते, पण घरात शांतता राहू दे."

शांतता कसली! सकाळपासून दोघं बोलत होते ते माझ्यामार्फत. "त्याला सांग, डावीकडून उचल." "त्याला सांग, मला कळतं." मी निरोप पोचवत होते आणि मनातल्या मनात दोघांच्याही नावानं बोटं मोडत होते.

आता दादा कपाटाच्या खालच्या बाजूला, आम्ही वरच्या बाजूला आणि मधे ते धूड. दोन्हीकडं भिंती. वरून जेमतेम हात जाईल एवढी फट. कपाट ना वर येईना, ना खाली जाईना.

आईंचे ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा मी फोन केला. अँब्युलन्स लगेच आली, पण येऊन उपयोग काय? नर्स आणि स्ट्रेचरवाले दादांच्या मागे येऊन थांबले.

"अहो, वाट मोकळी करा!" नर्स ओरडली. "पेशंटला तपासायचं कसं?"

दादांनी खांदा लावला. नवऱ्यानं वरून ओढलं. कपाट तसूभर हललं आणि आणखी घट्ट बसलं.

"तिरपं कर, गाढवा!"

"तिरपंच आहे! मापं कुणी घेतली होती? सुतार कोण आहे इथं?"

इतक्या महिन्यांनी दोघं एकमेकांशी बोलले ते हे. मला वाटलं, दोघांना त्याच कपाटात कोंडावं आणि किल्ली फेकून द्यावी.

"फोडून टाका ना," स्ट्रेचरवाला म्हणाला.

"फोडतो की. आईपुढं कपाट काय मोठं?" दादांचा आवाज चिरकला. "पण लाकूड सागवानी आहे हो. करवतीनं कापायचं तर तासभर जाईल."

एवढा वेळ आईंकडं नव्हता. त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी धावत त्यांच्याजवळ गेले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि तुटक तुटक म्हणाल्या, "ते कधी... जिन्यानं आलंच नव्हतं. खोलीत बसूनच... केलं त्यांनी."

ते नवऱ्याला ऐकू गेलं आणि तो मटकन पायरीवर बसला. घरात आहे ते जिन्यानंच वर आलं असणार, असं दोघंही धरून चालले होते. सुताराच्या मुलांना एवढं सुचू नये! "म्हणजे हे खाली जाणारच नाही," तो म्हणाला आणि डोकं धरून बसला.

मी एका कंपनीच्या तक्रारींचे फोन घेते. वॉशिंग मशीन बंद पडलं की लोक आधी मशीनला, मग कंपनीला आणि शेवटी मला शिव्या घालतात. त्यांचं झालं की मी विचारते, "तुम्हाला आत्ता नेमकं काय व्हायला हवंय?" बऱ्याचदा उत्तर येतं, पोराचा गणवेश उद्या सकाळपर्यंत धुवून हवाय. मग मी म्हणते, बादलीत धुवा, माणूस परवा येईल.

तोच प्रश्न मी स्वतःला विचारला. काय व्हायला हवंय? कपाट खाली जायला हवंय? नाही. खाली आई जायला हव्यात. कपाट गेलं खड्ड्यात! आणि डोक्यातला कल्लोळ एकदम थांबला. भीती होतीच, पण मला समोरचं नीट दिसायला लागलं. कपाटाची पाठ आमच्याकडं होती. इतका वेळ मी तिच्याकडं भिंत म्हणून बघत होते. आता तिच्या कडेनं रंगाखाली झाकलेले स्क्रू दिसले.

"दादा, ही पाठ निघते का?"

पलीकडून दादांनी लाकडावर टकटक केलं.

"निघते," दादा म्हणाले. "बाबा पाठ कधी ठोकून टाकायचे नाहीत. म्हणायचे, मागं उंदीर मेला तर काढायचा कसा?"

"मग दारं काढा, फळ्या काढा. पाठ आम्ही काढतो. कपाट राहू दे तिथंच, आईंना त्यातून नेऊ."

वरच्या फटीतून स्क्रूड्रायव्हर आला. नवऱ्याच्या हातात तो नाचायलाच लागला.

"आधी खाचेतला रंग खरवड," पलीकडून दादा म्हणाले. "मग दाबून फिरव. घाई करू नकोस. जमेल तुला."

एकेक स्क्रू निघत गेला. माझी निरोप्याची नोकरी संपली होती. मी आईंची पाठ चोळत होते. शेवटच्या स्क्रूची खाच झिजली. नवरा रडकुंडीला आला.

"दादा, हा फिरत नाही रे!"

"बाजूला हो."

दादा आतून लाथा घालायला लागले. एक, आणखी एक, आणि फळी कडकन सुटली. उघड्या कपाटात धुळीनं माखलेले दादा उभे होते. दोघं भाऊ समोरासमोर आले. दादा कपाटातून वर आले. दोघांनी वळून आईंची खुर्ची उचलली.

कपाटातून जाताना दोघांना अंग चोरून, एकमेकांचं पाऊल बघत चालावं लागलं. मधोमध आईंनी हात लांब करून आतलं लाकूड चाचपलं. पलीकडं नर्स मास्क घेऊन तयारच होती.

दोघं भाऊ आईंबरोबर हॉस्पिटलात गेले, मी घरीच थांबले. दुपारी शेजारीण भाजीची पिशवी घेऊन आली आणि कपाटाशी थबकून म्हणाली, "येऊ का आत?" मी आतच बसले होते, सुटे स्क्रू गोळा करत. तेवढ्यात दादांचा फोन आला.

"आई बरी आहे. मास्क बाजूला करून विचारतेय, कपाट शेवटी कुणाचं झालं?"

"सांगा त्यांना, जिन्याचं झालं. सगळी बिल्डिंग त्यातून ये-जा करतेय."

मागून नवऱ्याचा आवाज आला, "दादा, आधी चहा घे, गार होतोय."

हा निरोप माझ्याकडं कुणी दिला नव्हता. मी फोन ठेवला आणि तिथंच बसून पोटभर रडले.