पानाच्या कोपऱ्यातला डाग

मित्रांनो, मी एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेही नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. एका पानाच्या शेकडो प्रती काढायच्या असल्या की पूर्वी लोक माझ्याकडे येत. मेण लावलेल्या पातळ कागदावर टाइपरायटरने मजकूर ठोकायचा, म्हणजे मेणात अक्षरांची भोके पडतात. त्या कागदाला स्टेन्सिल म्हणतात. तो माझ्या गोल पिंपावर गुंडाळायचा, आत शाई घालायची आणि दांडा फिरवायचा. प्रत्येक फेरीला एक छापील पान बाहेर. मला वीज लागत नाही. शाई आणि थोडे तेल मिळाले की माझे भागते.

माझी पहिली नोकरी एका शाळेत होती. परीक्षेचे प्रश्न मला सगळ्यांच्या आधी कळत, पण मी कधी एकही प्रश्न फोडला नाही. एकदा जिना चढताना शिपायाच्या हातून मी निसटलो आणि माझ्या पिंपाला पोचा आला. तेव्हापासून मी छापलेल्या प्रत्येक पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढा काळा डाग पडू लागला. मुख्याध्यापकांना तो डाग डोळ्यांसमोर नको होता. नवे यंत्र आले आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली.

तिथून मला भाषा शिकवणाऱ्या बाईंनी रीतसर परवानगी काढून घरी नेले. बाई कविता करीत. शिवाय कुठे अन्याय दिसला की त्यांना गप्प बसवत नसे. शहरातल्या वर्तमानपत्रांत जे येत नाही ते लोकांना कळावे म्हणून त्यांनी दर सोमवारी एक दोनपानी पत्रक काढायचे ठरवले. वर बातम्या, खाली एक कविता. माझा दांडा फिरवायला त्यांचे धाकटे दीर येत. बाई त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो.

या दोघांचे स्वभाव म्हणजे दोन टोके. बाईंना लिहिलेले खोडायची खोड. चार शब्दांत भागते तिथे पाचवा दिसला की त्यांचा लाल पेन शिवशिवे. भाऊजी कचेरीत भांडारपाल होते, त्यांना याद्या केल्याशिवाय चैन पडत नसे. बाजारात दोन वस्तू आणायला गेले तरी यादी. वहिनी दोन पाने लिहितात आणि दीड पान खोडतात, असे ते म्हणत. यादीवाल्याने कवितेत नाक खुपसू नये, असे बाई म्हणत. मला दोघांचेही पटे, कारण मला बोलायचे काम नव्हते.

ती वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. लोक सोमवारची वाट पाहत. माझ्या डागालाही मान मिळाला. डाग असेल तर पत्रक खरे, असे लोक एकमेकांना सांगत.

मग एका सोमवारी बाईंनी सरकारी दवाखान्यातली बातमी छापली. तिथे मुदत संपलेली औषधे नवी वेष्टने लावून दिली जात होती. औषधे बदलली, पण ज्यांची गैरसोय झाली ती माणसे मोठी होती. चौथ्या दिवशी गणवेशातली तीन माणसे दारात आली. त्यांनी पत्रक माझ्याशेजारी धरून डाग ताडून पाहिला. बाई पुढे झाल्या आणि कोणत्या कायद्याने, असे विचारू लागल्या. त्या तिघांतला साहेब अगदी गोड बोलला. म्हणाला, "बाई, तुम्हाला कोण अडवतंय? तुम्ही खुशाल लिहा. आम्ही फक्त यंत्र तपासायला नेतोय."

ज्या डागाने मला मान दिला, त्यानेच माझा घात केला.

चार वर्षे मी पोलीस ठाण्याच्या कोठारात होतो. शेजारी चाक नसलेल्या सायकली आणि एक मुकी झालेली बाजाची पेटी. उंदीर माझ्या रबरी रुळाची चव घेऊन गेले. मला एकाही माणसाने काही विचारले नाही, तपास तर लांबच. बाई हाताने लिहीत, भिंतींवर चिकटवत. पण हाताने किती लिहिणार? पत्रक बंद पडले. भाऊजी मात्र दर महिन्याला मला परत मागणारा अर्ज देत आणि त्याला यादी जोडत: पिंप एक, दांडा एक, रूळ दोन, पोचा एक. शेवटी सरकार बदलले आणि कोणीतरी कंटाळून त्या अर्जावर सही केली. मी घरी आलो तेव्हा भाऊजींनी यादीप्रमाणे माझा एकेक भाग मोजून घेतला. मला रडता येत असते तर शाईच गळली असती.

सोमवारचे पत्रक पुन्हा सुरू झाले. पुढे लोकांनी बाईंना निवडून दिले आणि त्या खासदार झाल्या. संसदेतल्या त्यांच्या खोलीत मलाही एक कोपरा मिळाला. पण तोवर विजेची यंत्रे आली होती. कोणीतरी माझ्यावर पाण्याचा तांब्या आणि दोन पेले ठेवले. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच होते. अशी सहा वर्षे गेली. वाईट वाटत होते, खोटे कशाला बोलू? फक्त भाऊजी वर्षातून एकदा येऊन तांब्या उतरवत, मला तेल देत आणि तांब्या परत ठेवत.

बाई मात्र जुनी गोष्ट विसरल्या नव्हत्या. वर्तमानपत्रांवर किंवा पत्रकांवर पुन्हा कोणी हात टाकू नये म्हणून त्यांनी एक विधेयक आणले. त्यासाठी तीन वर्षे सगळ्या पक्षांचे उंबरे झिजवले. वकिलांनी मसुदा केला तेव्हा त्यात लांबलचक कलमे होती. बाईंनी लाल पेन काढला. शेवटी मुख्य कलम एका ओळीचे उरले: बातमीला आणि ती लिहिणाऱ्या हाताला न्यायाधीशाच्या लेखी हुकमाशिवाय कोणी अडवणार नाही. जो तो वाहवा करू लागला. कायदा असा गोड कधी वाचला नव्हता म्हणे.

मतदानाच्या दिवशी सकाळी भाऊजी आले. ते परगावी होते, त्यांनी ते कलम तोवर वाचले नव्हते. त्यांनी चष्मा चढवला आणि ती एक ओळ दोनदा वाचली.

"वहिनी, यात आपलं यंत्र कुठंय?"

"ते ओघानं आलंच की, भाऊजी."

"मागच्या वेळी कुठं आलं होतं ओघानं?" भाऊजी म्हणाले. "तेव्हाही तुमच्या हाताला कोणी अडवलं नव्हतं."

बाईंनी खणातून जुने कागद काढले. वकिलांच्या मसुद्यात यंत्रे होती, कागद होता, शाई होती. नीरस यादी म्हणून त्यांनीच ती खोडली होती. असे विधेयक पुन्हा कधी सभागृहापुढे येईल याचा भरवसा नव्हता.

घड्याळात साडेनऊ झाले होते. दुरुस्ती मांडायची तर अकराच्या आत प्रत्येक सभासदासाठी एक, अशा एकशेवीस प्रती द्याव्या लागत. खोलीतले विजेचे यंत्र दोन दिवस आजारी होते. कार्यालयाचे छपाईचे दालन साडेदहाला उघडे आणि तिथे तीन सह्या लागत. भाऊजींनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

त्यांनी तांब्या उतरवला.

माझ्या खालच्या खणात त्यांनीच जपून ठेवलेले तीन स्टेन्सिल होते. पहिला टाइपरायटरवर चढवतानाच फाटला, मेण वाळून कडक झाले होते. दुसरा बाईंनी घाईत तिरका चढवला आणि अर्धी ओळ वाकडी गेली. तिसऱ्याला भाऊजींनी आधी दोन्ही तळहातांत धरून ऊब दिली. बाई एकेक कळ मोजून मारीत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही शब्द न गाळता यादी लिहीत होत्या. शाईची नळी अर्धी सुकली होती, तिला भाऊजींनी थोडे तेल पाजले.

मित्रांनो, मी फार घाबरलो होतो. सहा वर्षांत एक फेरीही नाही. पहिले पान कोरे आले. दुसऱ्यावर फिकट अक्षरे उमटली. तिसऱ्यापासून मला माझा जुना सूर सापडला, आणि मग मी थांबलो नाही. बाई पाने उचलत होत्या, भाऊजी मोठ्याने मोजत होते. अकराला सात मिनिटे असताना बाई गठ्ठा छातीशी धरून धावल्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात डाग होता. त्याची मला लाज वाटत होती.

पुढचे भाऊजींनी प्रेक्षकांच्या सज्जातून पाहिले आणि आल्यावर मला सांगितले. अध्यक्षांनी पान हातात घेतले. तो डाग त्यांनी नखाने खरवडून पाहिला, मग चष्मा काढला. पूर्वी ते एका गल्लीत डॉक्टर होते.

"हा डाग मी दर सोमवारी पाहायचो," ते म्हणाले. "मग चार वर्षं दिसला नाही. का, ते आज कळलं." आणि त्यांनी दुरुस्ती मतदानाला टाकली.

ती मंजूर झाली. नंतर विधेयकही मंजूर झाले.

बाई परत आल्या त्या सरळ माझ्यापाशी. शाईने माखलेल्या पिंपावर त्यांनी हात ठेवला, साडीला डाग पडेल याचा विचारही न करता. मग एक मोठा श्वास सोडून हसल्या. भाऊजींना म्हणाल्या, "तुमची यादी नसती तर माझ्या कवितेनं आज घात केला असता." भाऊजींनी फक्त हात धुवायला साबण मागितला. मला मात्र असे हलके वाटले, जणू सहा वर्षांचा तांब्या त्या क्षणी अंगावरून उतरला.

आता तांब्याला वेगळे स्टूल आहे. मी त्याच कोपऱ्यात आहे, पण दर सोमवारी बाई स्वतः मला तेल देतात. मित्रांनो, तुमच्या आसपास माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल तर त्याच्यावर सामान रचण्याआधी त्याचा दांडा एकदा फिरवून पाहा. आणि कोणाच्या भल्यासाठी काही लिहाल, तर ते छापण्याआधी ज्याचे हात काळे होतात त्याला वाचून दाखवा.

कायद्याच्या पुस्तकात आज ती ओळ आहे: बातमी छापणारी लहानमोठी सर्व यंत्रे. बाईंच्या टेबलावर ते पुस्तक उघडे असते आणि शेजारी लाल पेन असतो. त्या ओळीला त्यांनी तो कधी लावलेला नाही.