अंधारकपाटातले कोंभ

पिकत्या केळ्यांच्या गोडसर, किंचित आंबूस वासात भिजल्या धान्याचा कोवळा गंध मिसळला, की माझ्या डोळ्यांपुढे एक तळहात येतो. रुंद, तेलानं काळवंडलेला, आणि तरी निजल्या लेकराच्या टाळूवरून फिरावा इतक्या हलकेपणानं पांढुरक्या कोंभांवरून फिरणारा. तो तळहात वामननानांचा. त्याच्याखाली जे वाकलं, ते माझ्यामुळे वाकलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरी बायकोलासुद्धा नाही.

पाचोऱ्याच्या स्टेशनापलीकडे नानांचा लहानसा कारखाना होता. जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग आणि धान्याच्या चाळण्या तिथे घडत. लेथच्या वर भिंतीवर काचेत मढवलेलं एक प्रमाणपत्र टांगलेलं असे. सरकी वेगळी करणाऱ्या एका चाळणीचं पेटंट नानांच्या नावावर होतं, आणि दसऱ्याला देवांच्या आधी झेंडूची माळ त्या काचेला पडे. नाना यंत्र पाहत नसत, ऐकत. पेचकसाचं टोक फिरत्या बेअरिंगवर टेकवून दांडा कानाशी धरत, डोळे मिटत, आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर येते ती निश्चलता त्यांच्या चेहऱ्यावर उतरे. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणत, "रडी ऱ्हायनं." आणि ते रडणारं बेअरिंग खरोखरच खराब निघे.

मी मूळचा बोदवडचा. ऐंशीच्या दशकातल्या त्या कोरड्या वर्षांत, तिशीही न गाठलेला, नानांच्या कारखान्यामागची एक खोली भाड्यानं घेऊन केळी पिकवण्याचा धंदा करत होतो. खाली कडुनिंबाचा पाला, त्यावर रचलेले हिरवे घड, कोपऱ्यात गोवऱ्यांची धुरी, आणि दार शेणामातीनं लिंपून बंद. दार उघडलं की आतला हिरवा रंग सोन्याचा झालेला असे. नाना नाकाला उपरणं लावून दारात उभे राहत आणि कामगारांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "मधुकरशेठ, तुना केळासना वासमा मनं नाक पिकी गयं! आते तेभी बाजारमा ने." सगळे हसत. मीही हसे. पुढे ज्याची मला रात्रंदिवस बोच लागली, ते त्यांनी असं थट्टेत, सहज, माझ्या तोंडावर सांगून टाकलं होतं. अर्थ मात्र त्यांना ठाऊक नव्हता, आणि तेव्हा मलाही नव्हता.

माझ्या खोलीला लागून, एका भिंतीपलीकडे, कारखान्यातली सर्वांत थंड खोली होती. नानांच्या पत्नीनं, रखमाअक्कांनी, आपलं शेवटचं आजारपण तिथेच काढलं. लकव्यानं त्यांचा डावा हात गेला होता. बोटं आत वळलेली, मनगट खाली मुडपलेलं, जणू मुठीत काही घट्ट धरून ठेवलं आहे आणि ते कुणाला दाखवायचं नाही. जरा बरं असे तेव्हा त्या दारात बसून उजव्या हातानं नटबोल्ट निवडत. लोखंडावर बांगडी वाजे, आणि लेथच्या घरघरीतूनही तो किणकिणाट नानांना नेमका ऐकू येई. अक्का गेल्यावर लेथ तशीच घरघरत राहिली. फक्त नाना मधूनच ती बंद करत आणि मान तिरपी करून उभे राहत. काय ऐकताय, असं विचारण्याची कुणाची छाती झाली नाही.

त्या रित्या खोलीतच त्यांनी आपलं नवं यंत्र उभं केलं. माती नको, ऊन नको, पाणीही फवाऱ्यापुरतंच. लोखंडी मांडणीत एकावर एक पत्र्याचे ट्रे, ते संथ फिरवणारी मोटार, औषधफवारणीच्या पंपाचे काढून बसवलेले नोझल, दाराला वाळ्याचे ओले पडदे. मका आणि चवळी अंधारात रुजायची, शेवटी थोडा उजेड देऊन हिरवी करायची, आणि भर उन्हाळ्यात गुरांपुढे ताजा चारा टाकायचा. जळगावचे एक वकील त्यांच्या पेटंटचे कागद पाहत. ते म्हणाले, "नाना, 'शेत' हा शब्द काढा. शेतीच्या रीतीला पेटंट नाही, यंत्राला आहे."

"मंग शेत कपाटमा टाकू," नाना म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्याचं नाव अंधारकपाट पडलं. पहिला अर्ज गेला. पूर्ण वर्णन आणि आराखडे ठरल्या मुदतीत पाठवायचे होते. त्याआधी यंत्रातून उभा, सरळ, कापण्याजोगा चारा निघायला हवा होता. नानांना या वयात दुसरं काही नको होतं. "एक चाळणी सगळासले माहीत शे," ते म्हणत, "पण हाई जमनं ना, ते अक्काना नाववर."

खानदेशातली उन्हाळी दुपार ज्यानं पाहिली आहे त्याला मध्यरात्रीचं भय वाटत नाही. रस्ते पांढरे पडलेले, कुत्रीसुद्धा गटारात शिरलेली, हवेत एकही आवाज नाही, आणि त्या आंधळ्या करणाऱ्या उजेडातून उंबरा ओलांडून आत गेलं की काळोख ओल्या हातासारखा तोंडावरून फिरतो. अशाच एका दुपारी नानांनी मला हाक मारली. कोंभांची झोप मोडू नये म्हणून बॅटरीच्या काचेवर त्यांनी लाल चिंधी बांधली होती. त्या रक्तवर्ण उजेडात त्यांनी ट्रे ओढला.

चवळीचा एकही कोंभ उभा नव्हता. आखूड, सुजल्यागत जाड, बाजूला कलंडलेले, आणि शेंडे आत वळलेले. ट्रेभर गळासारखे आकडेच आकडे. फवाऱ्याचं पाणी त्यांच्यावरून टपटपत होतं आणि लाल उजेडात ते हलल्यासारखे वाटत होते. नानांनी दुसरा ट्रे ओढला, तिसरा ओढला. तेच.

"दख रे मधू," ते अगदी हळू म्हणाले. "तिना हात शे हाऊ."

मी वाकून पाहिलं. तो तोच हात होता. ट्रेट्रेमध्ये, शेकड्यांनी, रखमाअक्कांचा मिटलेला डावा हात उगवून आला होता.

त्यांनी बी बदललं, विहीर बदलली, मोटारीचा वेग कमी केला, पत्र्याला कल्हई लावली. बाहेर अंगणात भिजवलेलं तेच बी सरळ येई. त्या खोलीत आलं की मुडपे. हळूहळू त्यांनी दुरुस्ती करणं सोडलं आणि तिथे नुसतं बसणं धरलं. दुपारी कारखाना जेवायला सुटला की लाल चिंधीची बॅटरी मांडीवर घेऊन ते ट्रेपुढे बसत, घरच्या गोष्टी सांगत, मधूनच थांबून उत्तराची वाट पाहत. वाळ्याच्या पडद्याआडून येणारा तो एकेरी संवाद मी भिंतीपलीकडून ऐकत असे, घड उलटेपालटे करत. एकदा त्यांनी पेचकसाचं टोक ट्रेच्या कडेला टेकवून दांडा कानाशी धरलेला मी पाहिला. चेहऱ्यावर तीच जुनी निश्चलता होती. या वेळी मात्र डोळे न उघडताच त्यांनी पेचकस मांडीवर ठेवला.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. धुळ्याला पुतणीचं लग्न आणि तिथून पुढे साक्रीला, लेकीला, सुशीलाताईला सणासाठी माहेरी आणायचं, म्हणून नाना आठवडाभर गेले. जाताना नवं बी ट्रेमध्ये पसरलं आणि पाणी देण्याचं काम माझ्यावर सोपवलं. लग्नसराईनं आणि सणानं माझी खोली त्याआधीच रिकामी झाली होती. मी ती धुऊन काढली, चुना मारला, दारं सताड उघडी टाकली.

नाना परतायच्या आदल्या दिवशी मी पडदा सारून आत गेलो आणि ट्रे ओढला. सगळे कोंभ सरळ होते. समईच्या ज्योतींसारखे, बारीक, उंच, निश्चल. मान वर केली तेव्हा मधल्या भिंतीत, छताजवळ, एक झरोका दिसला, आणि त्यातून माझ्या रिकाम्या खोलीतल्या नव्या चुन्याचा पांढरा उजेड आत पाझरत होता.

मला सांगायला कुणी लागलं नाही. पिकवणखोलीत मोगऱ्याचा गजरा राहिला तर संध्याकाळपर्यंत मान टाकतो, हे धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. पिकतं केळं नुसता वास सोडत नाही, श्वास सोडतं, आणि त्या श्वासानं शेजारचा हिरवा घड पिकतो, फूल कोमेजतं, अंधारात वाढणारा कोंभ मुडपतो. पुढे एका शिकलेल्या माणसानं त्या वायूचं नाव मला सांगितलं. मी ऐकून घेतलं. मला त्या नावाशिवायच सारं कळलेलं होतं.

आता खरं तेच लिहितो. नानांना सांगितलं असतं तर खोली सोडावी लागली असती, आणि रावेरकडून केळ्यांचा नवा माल निघाला होता. अक्कांचा सहवास त्यांच्याकडून काढून घेऊ नये म्हणून मी गप्प राहिलो, असं मी नंतर स्वतःला बजावत आलो. पण ती दया मागाहून सुचलेली आहे. त्या क्षणी माझ्या मनात केळी होती. मी विळा घेतला, ते सगळे सरळ कोंभ मुळांच्या जाळीसकट कापले आणि नानांच्या कपिलेपुढे टाकले. गाईनं आधी हुंगलं, मान वर करून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि मग खाल्लं. ट्रे धुऊन मी त्यांत नवं भिजलं बी पसरलं. संध्याकाळी माल उतरला, धुरी पेटली.

नाना सुशीलाताईला घेऊन आले. "कोंभ?" त्यांनी विचारलं. "बुरशी धरली होती नाना, काढून टाकले," मी म्हणालो. चार दिवसांनी त्यांनी लेकीला आत नेलं आणि लाल उजेडात ट्रे ओढला. मी दारात होतो. सुशीलाताईनं पदर तोंडाशी नेला. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "आई!" आणि मग, ट्रे आत सारत, "नाना, आईले हाई नको शे. ती थांब म्हनस."

आराखडे गेले नाहीत. मुदत टळली, अर्ज विरून गेला. नानांनी मोटार काढून घेतली, पण ट्रे तसेच ठेवले, आणि जगले तोवर मूठभर चवळी त्यांत भिजवत राहिले. भिंतीवरच्या चाळणीच्या प्रमाणपत्राला पुढे कधी माळ पडली नाही. माझी केळी मात्र पिकत राहिली, वर्षामागून वर्षं, भिंतीपलीकडे त्या वेड्यावाकड्या हातांना जन्म देत. नव्वदच्या दशकात एका कृषिप्रदर्शनात मी काचेचं तसंच कपाट पाहिलं, दुसऱ्याच कुणाच्या नावाची पितळी पट्टी लावलेलं. आत कोंभ ताठ उभे होते. नाना तेव्हा हयात नव्हते. मी त्या काचेपुढून हललो नाही, शेवटी पहारेकऱ्यानं मला बाजूला केलं.

काळ माणसं नेतो, तरी त्यांनी हवेत सोडलेला श्वास त्याला नेता येत नाही. तो कुठल्यातरी झरोक्यातून शेजारच्या काळोखात उतरत राहतो, आणि तिथे जे जे रुजतं त्याला आपला आकार देतो. सुशीलाताई अजून साक्रीला असते. दर आखाजीला ती एका ताटलीत चवळी भिजवते. कोंभ सरळ येतात, आणि आई आपल्यावर रुसली आहे, असं ती मानते. हे लिहिलेलं तिच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही, आणि पोहोचलं तरी त्यानं माझी सुटका नाही. तिच्या दारात उभं राहून, तिच्या डोळ्यांत पाहून मला एवढंच म्हणायचं आहे: ताई, तुझ्या आईनं कधीच थांब म्हटलं नव्हतं, नानांचं यंत्र बरोबर होतं, आणि मला ते माहीत होतं. एवढं माझ्याकडून तिचं देणं राहिलं आहे.