उलटं सँडर

सुतार दुपारी जेवून वर्कशॉपमध्ये आला, त्याने लाकूड घासायचं छोटं सँडर उचललं आणि तो चपापला. मशीन गरम होतं. सकाळपासून त्याने तर त्याला हातही लावला नव्हता.

त्याने ते उलटं करून पाहिलं. कपाटाची फळी घासताना पॉलिश पेपर सगळीकडे सारखा झिजतो. हा मात्र मधोमध बोराएवढा झिजला होता. मशीनच्या दोन्ही अंगांना टेबलावरच्या शिकंज्यात आवळल्याचे वळ होते.

"कोणी चालवलं हे?" त्याने मेहुण्याला विचारलं. वर्कशॉप दोघांचं, भागीदारीतलं.

"मला काय ठाऊक, भाऊजी," मेहुणा बिजागऱ्यांच्या डब्यात डोकं घालून म्हणाला.

सुताराच्या मनात पाल चुकचुकली. हा आपल्यामागे बाहेरची कामं उरकतोय, असं त्याने धरूनच टाकलं. चार दिवस त्याने लाकडाचे तुकडे मोजले, भुसा चिमटीत घेऊन हुंगला, मेहुण्याची पिशवीसुद्धा चाचपली. एक ढलपी कमी नव्हती. त्यामुळे तर संशय आणखीच बळावला. गडी भलताच पोहोचलेला दिसत होता.

पाचव्या दिवशी "माप घ्यायला जातो" म्हणून तो निघाला आणि वळसा घालून मागच्या खिडकीशी उभा राहिला.

मेहुण्याने सँडर उलटं करून, पेपरची बाजू वर ठेवून शिकंज्यात धरलं. दोन्हीकडे सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून ते आवळलं आणि मागचं दार उघडलं. आत आले ते अण्णा, सुताराचे वडील.

दीड वर्षापूर्वी झटका आल्यापासून त्यांचा डावा हात लुळा होता. 'आता घरी बसा,' असं सुतारानेच त्यांना बजावलं होतं. अण्णांनी उजव्या हाताने ड्रॉवरची मूठ उचलली आणि थरथरत्या पेपरवर हलकेच टेकवली. धरायला एक हात, घासायला दुसरा, ही भानगडच उरली नव्हती.

गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने मुठींची तोंड भरून स्तुती केली होती. ती सुताराने खुशाल स्वतःच्या पदरात पाडून घेतली होती. त्याचे कान तापले. तो तडक आत शिरला.

"माझ्या मुठींत काय खोट होती?"

"कडा टोचत होत्या," अण्णा मान वर न करता म्हणाले.

"आणखी कशाकशाला हात लावलात?"

"फळ्यांना नाही. फळ्या तू बऱ्या करतोस."

मेहुणा हसू दाबायला खोकला. "त्यांनीच शपथ घातली होती, भाऊजी."

सुताराने एक घासलेली आणि एक न घासलेली मूठ घेतली, डोळे मिटून दोन्हींवर अंगठा फिरवला. मग मशीनचं बटण बंद केलं. अण्णांचा चेहरा पडला.

"रबराने हवेची भोकं बुजलीत. असंच चालवलंत तर मोटर जळेल," तो म्हणाला. जाड प्लायचा तुकडा काढून त्याने मशीन त्यावर ठेवलं आणि भोवती पेन्सिल फिरवली. "खाच कोरून नीट बसवतो. बसून करणार की उभं राहून?"

"बसून," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पायाने स्टूल पुढे ओढलं.