मागे राहू देणं

बायको चित्रा वारली त्याच्या तिसऱ्या दिवशी विलासराव कॅनडातल्या कनाटाच्या घरात पेपरात द्यायचा मजकूर वाचत होते. तो त्यांच्या नातीनं, अनन्यानं, टाइप केला होता. ‘शी लीव्ह्ज हर हजबंड’ इथं ते अडखळले.

"हे काढ. भांडून मला सोडून गेल्यासारखं वाटतं."

अनन्या युनिव्हर्सिटीत भाषाशास्त्र शिकत होती. ती जवळ येऊन बसली. "नो, आजोबा. ‘लीव्ह’चा ओरिजिनल मीनिंग ‘जाणं’ नव्हताच. एखाद्याला मागे राहू देणं, एवढाच होता."

"राहू देणं?"

"येस."

आजारपणातही चित्रा रोज बजावायची, माझ्यामागे नीट जेवत जा, फिरायला जात जा.

"मग असू दे तसाच," विलासराव म्हणाले, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच रडले.