तिसरी पुडी

यांगबाईंनी दुसरीच्या वर्गात संत्र्यांचे दोन रिकामे क्रेट मांडले. कोरियाच्या जेजू बेटावर एक वेळ खुर्च्या कमी पडतील, संत्र्यांचे क्रेट कधी कमी पडायचे नाहीत. एकावर त्यांनी ‘घडलेलं’ असा कागद चिकटवला, दुसऱ्यावर ‘रचलेलं’. मग पुस्तकांचा ढीग मध्ये ओतला.

“जे बघून, मोजून, विचारून तपासता येतं ते घडलेलं. जे कुणीतरी मनानं जुळवलं ते रचलेलं. रचलेलं म्हणजे वाईट नव्हे बरं का. फक्त ते तपासत बसायचं नाही.”

“बाई, आमचे बाबा रोज म्हणतात, उद्यापासून दारू बंद. ते कुठल्या क्रेटात?” जुन्हानं विचारलं.

“ते तुझ्या आईला विचार,” बाई म्हणाल्या आणि वर्ग खिदळला.

ज्वालामुखी घडलेल्यात गेला, बोलणारा ससा रचलेल्यात. समुद्राच्या तळाशी महाल बांधून राहणाऱ्या सागरराजाचं चित्रांचं पुस्तक कुणीतरी सशावर टाकलं. तेव्हा दानबी उठली. एरवी ही पोरगी बाईंनी नाव पुकारल्याशिवाय बोलायची नाही. तिनं ते पुस्तक रचलेल्यातून काढलं आणि घडलेल्यात ठेवलं.

“ए, महाल कुठं खरा असतो?” जुन्हा म्हणाला.

“असतो. माझी आई तिथं कामाला आहे.”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. गावात घरोघरी पोरांना या बाबतीत दटावून ठेवलेलं होतं. दानबीची आई बुडी मारून शिंपले काढायची. दानबी चार वर्षांची असताना एका हिवाळ्यात ती खाली गेली ती वर आलीच नाही, आणि देहही सापडला नाही. आजीनं नातीला सांगितलं, आई सागरराजाच्या घरी कामाला राहिली. गावानं ते उचलून धरलं आणि यांगबाईंनीही. मोठी झाली की कळेल पुढं, असं सगळेच म्हणाले. भल्या माणसांची ही खोडच असते, अवघड काम ‘पुढं’वर ढकलायचं आणि जेवायला बसायचं.

“तपासलंस का?” जुन्हानं बाईंचंच हत्यार उपसलं. पोरगं वाईट नव्हतं, नुसतं हुशार होतं.

“तपासलंय. दरवर्षी दुसऱ्या महिन्यातल्या समुद्राच्या पूजेला आजी कागदात भात बांधून समुद्रात टाकते. एक पुडी राजाची, एक आजीच्या स्वतःच्या जिवासाठी, तिसरी आईची. आईची पुडी कधी वर आलेली नाही. म्हणजे ती जेवते.”

यांगबाईंनी पुस्तक उचललं. “हे पुस्तक आज माझ्या टेबलावर राहू दे,” त्या म्हणाल्या. ना इकडे, ना तिकडे. शाळा सुटेपर्यंत त्यांना स्वतःची लाज वाटत राहिली.

संध्याकाळी त्या किनाऱ्यावर गेल्या. बुडीवाल्या बायका दगडी आडोशात शेकोटीभोवती अंग शेकत होत्या. दानबीची आजीही त्यांच्यातलीच; ती कडेला बसून केस पुसत होती. यांगबाईंची आईही बुडीवालीच, याच शेकोटीची, त्यामुळे इथं त्या शाळेतल्या बाई नव्हत्या, घरच्या नावानं नुसत्या मी-रान होत्या.

“मावशी, तिला आता सांगायला हवं.”

“का? तुझ्या क्रेटात जागा रिकामी राहिली म्हणून?” म्हातारी फटकन बोलली. पोरांनी बातमी आधीच पोचवली होती.

“दुसऱ्या कुणाकडून कळलं तर?”

आजीनं विस्तवात एक लाकूड सरकवलं. “पोरीला पहिल्यांदा पाण्यात नेतो तेव्हा काय शिकवतो आपण? आपल्या दमापेक्षा खोल जायचं नाही. तुझ्या आईनंही तुला हेच शिकवलं असणार. दानबीला अजून तेवढा दम नाही गं, मी-रान. दम वाढला की मी सांगेन.” मग हळूच म्हणाली, “आणि खरं सांगू? दम मलाही नाही.”

यांगबाई घरी परतल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी दानबी वर्गात हजर होती. तिच्या छातीशी ‘घडलेलं’च्या क्रेटातलं, काल घरी नेलेलं एक पुस्तक होतं, बुडीवाल्या बायकांच्या फोटोंचं. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

“बाई, इथं लिहिलंय, कितीही पटाईत बाई असली तरी दोन-तीन मिनिटांत वर यावंच लागतं.”

“हं.”

“काल शाळा सुटल्यावर मी आजीची बुडी मोजली. तीही तेवढ्यातच वर येते.” तिचं बोट हलेना. “बाई, हे पुस्तक रचलेलं आहे ना?”

हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? एक शब्द तर होता. पोरगी तोच मागत होती, हात जोडल्यासारखी मागत होती. पण तपासायला यांगबाईंनीच शिकवलं होतं आणि वर्गात तेवढ्या एकीनं ते मनापासून केलं होतं. त्या खाली बसल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

“नाही गं बाळा. हे घडलेलं आहे.”

दानबी रडली नाही. तिनं टेबलावरून सागरराजाचं पुस्तक उचललं, रचलेल्या क्रेटात नेऊन ठेवलं आणि वर ससा ठेवला. रडल्या त्या यांगबाई, भिंतीकडे तोंड करून.

“बाई, आजीला सांगू नका हं,” मागून आवाज आला. “तिला वाटतं, मला माहीत नाही.”

वर्षाचा दुसरा महिना आला आणि समुद्राची पूजा झाली. ढोल थांबला तशा बायका खडकांवर उतरल्या. आजीनं राजाची पुडी टाकली, मग स्वतःची. तिसरी तिनं दानबीच्या हातात दिली. म्हातारीला आता लांबचं धड दिसत नव्हतं.

दानबीनं पुडी टाकली. लाटेनं ती खडकावर आपटली, गाठ सुटली, पांढरा कागद वर तरंगला आणि भाताची शितं फेसावर पसरली. सीगल पक्षी लगेच खाली आले. मागे उभ्या असलेल्या यांगबाईंना सगळं दिसलं.

“गेली का गं खाली?” आजीनं विचारलं.

“गेली, आजी.”

“घेतली का तिनं?”

दानबीनं आजीचा ओला हात धरला. “घेतली. भात गरम आहे म्हणाली.”