उलट्या पावलांचा पहिला पाहुणा

लुओंगच्या पायगुणाचा डंका एकेकाळी नदीकाठच्या सगळ्या गावांत वाजत होता. तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी तो ज्या घरात पहिलं पाऊल टाकी, त्या घराचं वर्षभर सोनं होई. विणकराच्या घरी गेला, तर त्यांच्या वांझ डुकरिणीला इतकी पिल्लं झाली की निम्मी दूध प्यायला शेजाऱ्याकडे धाडावी लागली. न्हाव्याच्या उंबऱ्यावर तर तो नुसता शिंकला, आणि गावातल्या टकल्यांनाही केस फुटले.

मग गेल्या तेतला तो शेजारच्या थोआआजीकडे पहिला शिरला आणि पानगळीच्या दिवसांत आजीचा नवरा खांग वारला. झालं! पिल्लं विसरली, केस विसरले. यंदा लुओंगला एकाही घरचं बोलावणं नव्हतं.

आजीची गत त्याहून वाईट. दुखवट्यातल्या माणसाने तेतमध्ये दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा नसतो. मुलगा येणार होता, त्याचा दक्षिणेतून फोन आला, "आई, तिकीटच मिळालं नाही गं." आणि गावातला जो तो, दुसरं कोणी आधी जाऊ दे मग आपण जाऊ, म्हणून थांबला होता. पहिलं पाऊल पडत नाही तोवर घराचं वर्ष उघडत नाही. स्वतःच बाहेर जाऊन आत यावं, तर पाय पडला दुखवट्याचा.

सकाळ सरत आली. बाहेर भुरभुर चालू होती. देव्हाऱ्यात खांगच्या फोटोपुढे भात निवला, उदबत्त्या विझल्या. गल्लीतून नव्या कपड्यांतली माणसं हसत जात होती. आजीच्या फाटकापाशी आली की त्यांचं हसू जरा खाली यायचं आणि पुढे गेलं की पुन्हा वर चढायचं.

कुंपणापलीकडे कोणीतरी खोकलं.

"लुओंगभावजी! चोरासारखे काय उभे आहात? या की आत."

"नको वहिनी. माझा पाय वाईट आहे."

"आता तुमचा पाय माझं काय नेणार? कोंबडी? ती कालच उकडली."

"चेष्टा नको. खांगदादा माझ्यामुळे..."

"तुमच्यामुळे?" आजी कुंपणाला येऊन भिडली. "दोन वर्षं अंथरुणात खोकत होता तो. वैद्याने हात टेकले होते. गेल्या तेतला तुम्ही येऊन त्या डुकरिणीची गोष्ट सांगितलीत, तर पानगळीपर्यंत आठवून आठवून हसत होता. नाहीतर वसंतातच जायचा. गावाला काय कळतंय!"

लुओंगने कुंपणावरून डोकावून उंबऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तरी भीती वाटते हो."

"मग उलटे या! पाठ आधी, पाय मागून. वर्षाला वाटेल, कोणी बाहेरच चाललंय."

आणि तो खरोखरच आला. फाटकापासून उलटा चालत आला, संत्र्याच्या कुंडीवर आपटला, कुंडीची माफी मागितली आणि उंबरा ओलांडून धप्पकन खाटेवर बसला.

"आता शुभ बोला," आजी म्हणाली. "पहिल्या पाहुण्याने बोलायचं असतं."

"काय बोलू? पैसा? आयुष्य?"

"पुढच्या तेतला पुन्हा येईन म्हणा. तेवढं पुरे."

"येईन," लुओंग म्हणाला. "कुंडी जरा हलवून ठेवा."

दोघांनी पानात बांधून शिजवलेला चिकट भात कांद्याच्या लोणच्याशी खाल्ला. लाल रंगवलेल्या कलिंगडाच्या बिया फोडत लुओंगने डुकरिणीची गोष्ट पुन्हा सांगितली. यंदा पिल्लं दुप्पट झाली होती. आजी फोटोकडे बघत हसली. मग चहा संपला आणि तो गेला. जाताना मात्र सरळ.

घर पुन्हा गप्प झालं. दुपारभर कोणी आलं नाही. खाटेखाली लाल सालपटं विखुरली होती. सवयीने आजीने कोपऱ्यातली केरसुणी उचलली, दोन पावलं आली आणि थबकली. तेतमध्ये केर काढायचा नसतो. केराबरोबर घरातली लक्ष्मीही जाते म्हणतात.

तिने केरसुणी हलकेच परत ठेवली, खाटेच्या कडेला बसली आणि अंधार पडेपर्यंत त्या सालपटांना सोबत करत राहिली.